डावा पाय आणि ‘ऑल नॉर्मल’

औष्णिक केंद्रात नोकरी केलेल्या माणसाला राखेबद्दल काही सांगावं लागत नाही. हॉपर, म्हणजे राख गोळा होते ते नरसाळं, वेळच्या वेळी खाली केला नाही की राख आत साचते, घट्ट बसते, आणि मग घण मारले तरी निघत नाही. हॉस्पिटलच्या किश्शांचंही तसंच आहे. घरी आल्यावर मी ठरवलं होतं, जाऊ दे, विसरून जायचं. पण भेटायला येणारा प्रत्येक जण चहाचा कप हातात घेतो आणि विचारतो, “काय भो, सोय कशी होती तिथली?” आणि हॉपर हलतो! म्हणून म्हटलं, एकदाच सगळं खाली करून टाकावं.

हॉस्पिटल जळगावातलं. नाव सांगणार नाही. त्यांचा एक रॉड अजून माझ्याकडे आहे.

*

मी दीपनगरला कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होतो. सगळी नोकरी बॉयलरचे जिने चढण्या-उतरण्यात गेली, कधी पाय घसरला नाही. रिटायर झालो, भुसावळला घर बांधलं आणि हॉलमधला बल्ब बदलताना प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून पडलो. डाव्या मांडीचं हाड वरच्या टोकाला मोडलं. ज्याने जन्मभर वीज तयार केली तो बल्ब लावताना पडला, हे वाक्य मी स्वतःच म्हणून टाकतो. नाहीतर समोरचा म्हणतोच.

ऑपरेशन मोठे डॉक्टर करणार होते. मोठे डॉक्टर म्हणजे भलतेच बिझी. सकाळी भुसावळ, दुपारी जळगाव, संध्याकाळी धुळे. “ऑपरेशनच्या आधी सर येऊन तुम्हाला सगळं समजावतील,” असं सांगितलं होतं. सर आले नाहीत. कमरेत इंजेक्शन देऊन माझं खालचं अंग बधिर केलं आणि तोंडासमोर हिरवा पडदा लावला. मी मात्र पूर्ण शुद्धीत होतो.

पडद्यापलीकडून एक भारदस्त आवाज आला. तो कोणाला तरी भरीत कसं करायचं ते सांगत होता. वांगी बामणोदचीच घ्यायची आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजायची, गॅसवर भाजली तर त्याला भरीत म्हणायचं नाही. मला एकदम धीर आला. ज्या माणसाला भरीत कळतं त्याला हाडही कळत असणार, असं वाटलं.

मग तोच आवाज म्हणाला, “डावाच ना रे?”

कागद चाळल्याचा आवाज आला. मग दुसरा एक आवाज म्हणाला, “हो सर. बहुतेक.”

“डावाच!” मी पडद्याच्या अलीकडून ओरडलो.

“अरे, पेशंट जागा आहे?” भारदस्त आवाजाने विचारलं. “गुड, गुड.”

मोठ्या डॉक्टरांचं आणि माझं झालेलं बोलणं ते एवढंच. चेहरा मी पाहिला नाही. माझाही त्यांनी पाहिला नसावा, कारण मध्ये पडदा होता.

*

वॉर्डात माझ्या उशाशी एक बेलचं बटण होतं. लागलं काही तर दाबा, सिस्टर लगेच येतील, असं मामांनी सांगितलं. वॉर्डबॉय कितीही वयाचा असो, हॉस्पिटलात तो मामाच.

दुपारी पाय ठणकायला लागला म्हणून मी बटण दाबलं. कोणी आलं नाही. पुन्हा दाबलं. नाही. म्हटलं बेल बंद असेल, पण लांब डेस्ककडे ती टुंईटुंई वाजताना मला स्वच्छ ऐकू येत होती. थोड्या वेळाने टुंईटुंई थांबलं आणि सिस्टर आल्या.

“काका, तुम्ही बेल दाबताय का?”

“हो, पाय फार...”

“दाबू नका. ती डेस्कवर सारखी वाजते.”

आणि गेल्या.

कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजला की दोन कामं करायची असतात. आधी बटण दाबून आवाज बंद करायचा आणि मग जाऊन बघायचं की झालंय काय. इथल्या लोकांना ट्रेनिंग चांगलं मिळालं होतं, फक्त ते पहिल्या कामापर्यंतच आलं होतं.

*

ही हकिगत मी भेटायला आलेल्या भंगाळे भाऊंना सांगितली आणि चूक झाली.

भंगाळे भाऊ आमचे शिफ्ट इन्चार्ज. तेही रिटायर झालेत, पण हे त्यांना अजून कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही. बेलचा किस्सा ऐकून ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, “महाजन, हे युनिट भगवान भरोसे चालतंय. आपण शिफ्ट लावू.”

दुसऱ्या दिवसापासून माझ्या पलंगाशी शिफ्ट ड्युटी सुरू झाली. फर्स्ट शिफ्टला स्वतः भंगाळे भाऊ, सेकंडला टर्बाइनवाले तडवी आणि नाईटला बॉयलरवाले कोळी नाना. माझी बायको सुनंदा रोज भुसावळहून डबा घेऊन यायची, तिला जनरल शिफ्टमध्ये टाकलं. तिला कोणी विचारलं नाही.

आता प्लॅन्टचा एक नियम आहे. रिलीव्हर आल्याशिवाय, म्हणजे तुमच्या जागी पुढचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय तुम्ही जागा सोडायची नाही, आणि त्याला तोंडी चार्ज दिल्याशिवाय तर मुळीच नाही. त्यामुळे रोज दुपारी सगळ्या वॉर्डासमोर माझा चार्ज दिला जायचा.

“सलाईन चालू. लघवी क्लिअर. ताप नाही. पेशंट कटकट करतोय. बाकी ऑल नॉर्मल,” भंगाळे भाऊ म्हणायचे.

“घेतला चार्ज,” तडवी म्हणायचे.

माझ्याकडे कोणी बघायचं नाही. कंट्रोल रूममध्येही पॅनलकडे बघून चार्ज देतात, पॅनलशी कोणी बोलत नाही.

तिसऱ्याच दिवशी शेजारच्या पलंगावरच्या शिरपूरकडच्या गृहस्थांनी भंगाळे भाऊंना हळूच विचारलं, “साहेब, आमचा बी घेता का चार्ज?”

*

एकदा तडवींच्या शिफ्टला सलाईन संपत आली. तडवी आधीच डेस्कवर गेले.

“सिस्टर, बाटली संपत आलीय.”

“संपली की सांगा.”

ते परत येऊन बाटलीकडे बघत उभे राहिले. बाटली संपली. ते पुन्हा गेले.

“सिस्टर, संपली.”

“अहो, मग संपायच्या आधी सांगायचं ना!”

तडवी शांत माणूस. परत येऊन स्टुलावर बसले. शेवटी एवढंच म्हणाले, “आपले चीफ इंजिनिअर परवडले भो.”

*

आता मुख्य गोष्ट. ऑपरेशन झाल्यावर बधिरपणा उतरला, तेव्हापासून मला वाटत होतं की माझा डावा पाय आखूड झालाय.

सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, “औषधाने वाटतं तसं.” राउंडला येणाऱ्या पोरसवदा डॉक्टरांना सांगितलं. ते फाईलमधून मान वर न काढता म्हणाले, “झोपून सगळ्यांनाच वाटतं तसं काका.” फिजिओथेरपीवाल्यांना सांगितलं. ते म्हणाले, “ते मोठ्या सरांना विचारा.” आणि मोठे सर मी जागा असताना, वॉर्डात असताना आणि पडदा नसताना काही येत नव्हते. मी झोपलेला असताना येऊन गेले. मला ड्रेसिंगला नेलेलं असताना येऊन गेले. सुनंदा म्हणाली, “अहो, ते तुम्हाला टाळतायत की काय?” पण टाळायला तरी माणूस माहीत असावा लागतो.

लोकांना वाटायचं, मोडलेलं हाड जुळलं, आता याला बोटभर फरकाचं काय एवढं? त्यांनी माझ्या वडिलांना पाहिलेलं नाही. आबा रावेरकडे केळीच्या बागेत राबले. तरुणपणी बैलगाडीचं चाक पायावरून गेलं. हाड जुळलं, पण पाय आखूड जुळला. लग्नात सगळा गाव बँडपुढे नाचायचा तेव्हा आबा मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहायचे, आखूड पाय चांगल्या पायावर टाकून, म्हणजे कोणाच्या लक्षात येऊ नये. सगळ्यांच्या लक्षात यायचं. माझ्या लग्नातही ते तसेच उभे होते.

आणि येत्या लग्नसराईत माझ्या मुलीचं लग्न आहे. मला खांबाला टेकायचं नव्हतं. खरं सांगतो, पडलो तेव्हा भीती वाटली नाही, ऑपरेशनला वाटली नाही, पण या एका गोष्टीने मी पार घाबरून गेलो होतो. मला फक्त एवढंच हवं होतं, की ज्याने रॉड घातला त्याने एकदा माझे दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघावेत आणि काय ते खरं सांगावं.

*

धुळ्याहून अक्का आली. अक्का माझी मोठी बहीण. लग्न होऊन तिकडे गेल्यापासून ती पक्की अहिराणी बोलते आणि कोणालाही बघायला एकटी जात नाही. जीपभर माणसं आणि कापडात बांधलेल्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी घेऊन आली. जीपमधले अर्धे लोक मला ओळखत नव्हते, पण पेशंट बघायचा म्हटल्यावर ओळख लागते कशाला!

“काय व्हयनं रे भाऊ? कसा पडना?” अक्काने दारातूनच विचारलं.

“बल्ब लावताना पडलो, अक्का.”

“बल्ब लावाले तू कसाले चढना? तुना हाताखाले बठ्ठा लोके व्हतात ना?”

“ते प्लॅन्टमध्ये, अक्का.”

“मंग त्यास्ले बलावनं व्हतं!”

अक्का ज्यांना माझ्या हाताखालचे समजत होती, ते सगळे त्या वेळी स्टुलाभोवतीच उभे होते. त्यांनी माना खाली घातल्या.

अक्काला मी पायाचं सांगितलं. वाटलं, सख्खी बहीण आहे, आबांना तिनेही पाहिलंय, ती तरी नीट बघेल. तिने चादर बाजूला केली, माझे पाय निरखून पाहिले आणि निकाल दिला, “पाय बरोबर शे भाऊ. तुना पायजमाच लांब शिवेल शे. तो टेलर बदली टाक.”

मग तिने भाकरीचं कापड सोडलं. ठेच्याचा वास सुटला तशा सिस्टर धावत आल्या. बेलला कधी आल्या नव्हत्या इतक्या वेगाने आल्या.

“मावशी, बाहेरचं खाणं इथे अलाउड नाही!”

अक्काने तिला नखशिखांत पाहिलं. “पोरी, तू किती वायली शे माय! तुले कोनी जेवाले घालत नई का? ले, खाई ले.”

सिस्टरनी इकडेतिकडे पाहिलं आणि उभ्याउभ्या एक अख्खी भाकरी ठेच्याशी संपवली. पदार्थाचं नाव विचारून घेतलं. हात धुऊन आल्या आणि अक्काला म्हणाल्या, “फक्त पेशंटला देऊ नका हं.”

माझी मऊ खिचडी तेवढ्यात आली.

*

पायजम्याची थिअरी तडवींना पटली नाही. टर्बाइनचं अलाइनमेंट करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. शाफ्टमध्ये केसभर फरक असला तरी जेवण न जाणारा माणूस. ते दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन आले.

“बेंबीपासून घोट्यापर्यंत माप घेऊ,” तडवी म्हणाले.

“बेंबी रेफरन्स होऊ शकत नाही,” भंगाळे भाऊ म्हणाले. त्यांची शिफ्ट संपली होती, पण भांडण असलं की ते ओव्हरटाइम करतात. “बेंबी हलते. कमरेच्या हाडापासून घ्या.”

“हाड मोडलेलं आहे भाऊ. मोडलेल्या वस्तूवरून माप घेतात का?”

शेवटी दोन्हीकडून घ्यायचं ठरलं. बेंबीपासून डावा पाय आखूड भरला. कमरेपासून उजवा आखूड भरला. सुनंदाने सांगितलं म्हणून पुन्हा घेतलं, तर दोन्ही सारखे भरले. मग तडवींना शंका आली. त्यांनी पिशवीतून लेव्हल काढली आणि पलंगाच्या दांडीवर ठेवली. बुडबुडा सरकत पार एका टोकाला गेला.

“पलंगच उतरता आहे,” तडवी म्हणाले.

यावर दोघांचं एकमत झालं आणि दोघांनाही बरं वाटलं. कोळी नाना आल्यावर भंगाळे भाऊंनी स्वतः चार्ज दिला, “पायाचं रीडिंग डाउटफुल. पुढच्या शिफ्टने वॉच ठेवावा. बाकी ऑल नॉर्मल.”

कोळी नानांनी बिचाऱ्यांनी खरंच वॉच ठेवला. मी जेव्हा जेव्हा डोळे उघडले, तेव्हा ते माझ्या पायांकडे टक लावून बघत बसलेले होते. जणू पाय वाढला तर त्यांच्याच शिफ्टमध्ये वाढणार होता.

*

एक दिवस हॉस्पिटलच्या ऑफिसातून एक मॅडम टॅब घेऊन आल्या. हसतमुख. इतक्या दिवसांत माझ्याकडे बघून हसलेलं ते पहिलं माणूस.

“सर, आमच्या सेवेबद्दल तुमचा अनुभव कसा आहे? किती स्टार द्याल?”

मी म्हटलं, “दोन.”

“सर, तीनच्या खाली सिस्टिम घेत नाही.”

“मग तीन.”

“थँक यू सर! डॉक्टरांनी आजाराची आणि ऑपरेशनची माहिती समजावून सांगितली का?”

“डॉक्टर भेटलेच नाहीत.”

मॅडम थांबल्या. टॅबकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा टॅबकडे बघितलं.

“म्हणजे तशी काही तक्रार नाही ना?” त्या म्हणाल्या. “मग तिथे पाच टाकते.”

*

कोळी नानांबद्दल थोडं सांगायला हवं. नाना वरणगावजवळचे. बॉयलरवर अख्खी नोकरी काढली, हातावर जुने भाजल्याचे डाग आहेत, आणि माणूस असा की आगीला भिणार नाही, पण साहेबाला भितो. आमच्याकडे जुन्या लोकांची एक शिस्त होती. साहेब राउंडला आले की ऑपरेटरने ताठ उभं राहायचं आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. विचारलं तर मात्र खरं आणि थोडक्यात उत्तर द्यायचं. बाकी सगळ्यांनी ही शिस्त रिटायर होताना प्लॅन्टच्या गेटवर सोडली. नानांनी घरी आणली.

मोठ्या डॉक्टरांना गाठायचं काम एकदा नानांवर आलं. मला एक्स-रेला नेणार होते. भंगाळे भाऊंनी नानांना मुद्दाम दिवसा बोलावून घेतलं आणि पढवलं, “डॉक्टर आले की सोडायचं नाही. सरळ विचारायचं, महाजनचा डावा पाय आखूड झालाय का? एवढंच. म्हणा बरं.”

नानांनी म्हणून दाखवलं. दोनदा म्हणून दाखवलं.

मी एक्स-रेहून परत आलो तेव्हा नाना पलंगाशेजारी हात पाठीमागे बांधून उभे होते. चेहरा उजळलेला.

“आले होते साहेब!” ते म्हणाले.

“मग? विचारलं?”

“त्यांनीच विचारलं. दारातूनच. म्हणाले, काय, कसं आहे?”

“आणि तुम्ही काय सांगितलं?”

“ऑल नॉर्मल, सर!”

“अहो नाना, पायाचं?”

नाना माझ्याकडे बघत राहिले. “त्यांनी पायाचं विचारलंच नाही ना भो,” ते म्हणाले.

सुनंदा त्या दिवशी पहिल्यांदा रडली. मी तिला म्हटलं, रडू नको, डिस्चार्जला तर भेटतीलच. पण ते मी तिला सांगत होतो की स्वतःला, कोण जाणे.

*

आणि मग डॉक्टर आले.

रविवार होता. रविवारी मोठे डॉक्टर येत नाहीत, म्हणून सगळे निवांत. नेहमीचे छोटे डॉक्टर सुट्टीवर, त्यांच्या जागी एक नवीन मुलगा आला होता, त्याला वॉर्डातलं कोणीच माहीत नव्हतं. फिजिओथेरपीवाल्यांनी मला वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत चालवलं. हॉस्पिटलचा झगा मागून उघडा राहतो म्हणून मी सदरा-पायजमा घातला होता. खिडकीशी पोचलो आणि त्यांचा फोन वाजला. “इथेच उभे राहा काका, आलोच,” म्हणून ते जे गेले ते गेलेच.

ड्युटीवर कोळी नाना होते. नाईट करून थांबले होते, कारण भंगाळे भाऊंची गाडी चुकली होती आणि रिलीव्हर आल्याशिवाय नाना जाणार नव्हते. त्यांचं स्टूल शेजारच्या शिरपूरवाल्यांच्या पाहुण्यांनी उचलून नेलं होतं. नाना भिंतीला टेकून उभ्याउभ्या पेंगत होते. मला बघवेना.

“नाना, पलंग रिकामाच आहे. पडा थोडं,” मी म्हटलं.

“नको भो, ड्युटीवर आहे.”

“मी सांगतोय ना. पडा.”

नाना संकोचत आडवे झाले. पंख्याचं वारं लागत होतं म्हणून त्यांनी चादर ओढून घेतली. आणि त्याच वेळी दारातून तो आवाज आला. वांग्याच्या भरताचा आवाज! मी लाखात ओळखला असता.

मोठे डॉक्टर भराभर पलंगाशी आले. मागे नवीन मुलगा फाईल घेऊन.

“काय काका, कसं आहे?”

नाना लाकडासारखे ताठ झाले. उठायचं की नाही, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. “ऑल नॉर्मल, सर!”

“हां, तुमचा आवाज ऐकलाय मी. दुखतंय का?”

“नाही सर.” विचारलं होतं, खरं उत्तर दिलं.

डॉक्टरांनी पायाकडची चादर थोडी वर सरकवली. “डावा पाय उचला बरं. सावकाश. सावकाश... अरे!”

नानांचा पाय काटकोनात वर गेला.

“बघ,” डॉक्टर त्या नवीन मुलाला म्हणाले. “ही रिकव्हरी बघ. हाड बसवणं म्हणजे काय, ते बघून घे. टाचा जुळवा काका. बघ, एक मिलिमीटरचा फरक नाही!”

“साहेब,” मी खिडकीजवळून म्हटलं, “तो पाय...”

“काका, राउंड चालू आहे,” नवीन मुलगा म्हणाला आणि त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. राउंडच्या वेळी नातेवाईकांनी बोलू नये, असं तिथे लाल अक्षरात लिहिलं होतं.

खोटं कशाला सांगू, मी गप्प बसलो त्याला पाटी हे एकच कारण नव्हतं. एक मिलिमीटरचा फरक नाही, हे वाक्य ऐकायला मी इतके दिवस तरसलो होतो. ते दुसऱ्याच्या पायाबद्दल होतं, तरी क्षणभर मला फार बरं वाटलं.

डॉक्टर वळले. आणि वळता वळता त्यांची नजर माझ्यावर पडली. मग खाली गेली, पायजम्याकडे, पायांकडे. ते थांबले.

“तुम्ही यांचे कोण?”

“एकाच प्लॅन्टला होतो,” मी म्हटलं. तेही खरंच होतं.

“वॉकर सोडू नका. जरा चार पावलं चालून दाखवा.”

मी चाललो. ते खाली बसले. अगदी फरशीवर, उकिडवे. माझ्या दोन्ही टाचा त्यांनी स्वतःच्या हाताने शेजारी शेजारी ठेवल्या, कमरेला दोन्हीकडून अंगठे लावले आणि बराच वेळ बघितलं. इतक्या दिवसांत माझ्या पायाला इतक्या मायेने कोणी हात लावला नव्हता. मांडवाचा खांब डोळ्यांसमोर आला आणि मी तो लांब ढकलला.

“मांडीत रॉड आहे ना? चालण्यावरून नवीनच वाटतोय.”

“हो साहेब.”

“डावा पाय आखूड झालाय काका. चांगला बोटभर.” ते उठले, हात झटकले आणि वॉर्डाकडे वळून त्याच भारदस्त आवाजात म्हणाले, “कोण शहाण्याने केलंय हे ऑपरेशन?”

नवीन मुलगा फाईलमध्ये बघायला लागला. पण साहेबांनी विचारलं होतं, आणि विचारलं की उत्तर द्यायचं असतं. कोळी नाना पलंगावरच, अंगावर चादर आणि हात दोन्ही बाजूंना सरळ ठेवून म्हणाले,

“आपणच, सर!”